पट्टी सोडण्याचा समारंभ

पट्टीला हात लावायचा नाही, असे रुखमाबाईंना तिसऱ्यांदा बजावण्यात आले. मोतीबिंदू काढून चौथा दिवस उजाडला होता. पट्टी दुसऱ्याच दिवशी निघायला हवी होती. परंतु ती कोकिळादेवींच्या हस्ते निघायची होती, आणि चाळीस वर्षे पडद्यावर आई झालेल्या या अभिनेत्रीचे मुंबईतील चित्रीकरण लांबले होते. वैद्यकशास्त्राने थांबावे, हे ओघानेच आले.

कालपासून पट्टीआड निखारा ठेवल्यासारखी आग होत होती. डावा डोळा लहानपणी देवीच्या रोगात गेलेला. उरला होता तो हाच.

"ममता, आतून पू येऊन राह्यला वाटते वो," त्या सुनेला म्हणाल्या.

सुनेने नेत्रशिबिराचे संयोजक रजत यांना गाठून खाटेजवळ आणले. ते हसले. "मावशी, मॅडम पांढरकवड्यात पोचल्याच समजा. फक्त 'दिसलं' म्हणायचं. अन् मधातच पट्टी काढली, डोळा गेला, तर संस्थेकडे यायचं नाही."

पट्टी ठेवली तर आग, काढली तर आंधळेपण. "आता बाईलेच सांगतो," त्या पुटपुटल्या. "थ्या मोठ्या हायेत. नागपूरले धाडतीन मले."

दुपारी त्यांना मंचावर बसवण्यात आले. टाळ्या झाल्या, समोर कॅमेरे खटखटू लागले. अत्तराचा वास जवळ आला, गार बोटांनी गाठ सोडली. पट्टी निघाली, अंधार तसाच राहिला.

"आई, काय दिसतंय?" ध्वनिक्षेपकातून तो प्रसिद्ध, ओलसर आवाज घुमला.

रुखमाबाईंनी चाचपडत कोकिळादेवींचे मनगट घट्ट धरले. "बाई, काईच दिसत नाही वो," त्या हळूच म्हणाल्या. "लय आग होऊन राह्यली. पाया पडतो, मले दवाखान्यात न्या."

कोकिळादेवींनी ध्वनिक्षेपकावर तळवा ठेवला. मंडप शांत झाला. चार दिवसांत प्रथमच कोणीतरी ऐकले होते. रुखमाबाईंचा अडकलेला श्वास सुटला. गार बोटे त्यांच्या गालावरून फिरली, हनुवटीखाली थांबली.

"मान जरा खाली घ्या, आई," कोकिळादेवी मायेने कुजबुजल्या. "नजर वर जातेय तुमची. माझा चेहरा इथे आहे."