माणसांच्या चालीनं

मुकुंदवाडीच्या गॅरेजात करुणानं दोन सिलिंडर हेड, म्हणजे इंजिनावर बसणारी जाड झाकणं, टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. एक वडिलांच्या जुन्या जीपचाच, काळपट, चीर सांधलेला. दुसरा बाहेरून मागवलेला, जास्त दाबाचा, नवाकोरा. यातला कोणता तरी एक आज इंजिनावर बसायचा होता.

"नवा बसव," तिचे वडील साहेबराव म्हणाले. "लई दम हाय त्याच्यात."

विद्यापीठाच्या नामांतराच्या लढ्यात याच जीपमधून त्यांनी गावोगाव सभा घेतल्या होत्या. दर चौदा जानेवारीला ते तिच्यातूनच विद्यापीठाच्या गेटवर जायचे. गेल्या वर्षी मात्र भर मिरवणुकीत, एका वळणावर, हेडला चीर जाऊन ती वाफ सोडून बसली. लोकांनी ढकलत कडेला नेली. साहेबराव तसेच घरी परतले होते.

करुणानं जुन्या हेडचा वाकलेला तळ घासून सपाट केला होता. आता तिनं त्यात दाबानं पाणी सोडलं. थेंबही पाझरला नाही.

"बाबा, मिरवणुकीत गाडी कशी चालती?"

"कशी म्हंजे? माणसं चालतील तशी."

"मग नवा कशाला? त्यो पळवायला चांगला. गर्दीत रांगायला लावला की तापणार. जुना सोसल."

"आन् पुन्हा बंद पडली तर?"

"तर मी ढकलीन. गेटपर्यंत."

साहेबरावांनी जुन्या हेडची एक बाजू धरली. "उचल," ते म्हणाले.

चौदा तारखेला रस्ता निळ्या झेंड्यांनी भरून गेला होता. जीप पहिल्या गिअरमध्ये, चालणाऱ्या बायकांच्या मागं मागं सरकत होती. गेल्या वर्षीचं वळण आलं तसं साहेबरावांनी समोरची दांडी घट्ट धरली. स्टिअरिंगवर बसलेल्या करुणाचे डोळे तापमानाच्या काट्यावर होते. काटा हलला नाही. वळण मागं पडलं. पुढं ढोल घुमू लागले, घोषणा वाढल्या, माणसं बॉनेटला खेटून चालू लागली, आणि जीप गेटसमोर येऊन थांबली.

करुणानं कपाळावरचा घाम पुसला आणि चावीकडं हात नेला.

"बंद करू नगं," साहेबराव सीटवर उभे राहत म्हणाले. "चालू दे तिला. ऐकू दे सगळ्यांना."