उजवा हात

देश स्वतंत्र झाला त्याच्या पुढच्या वर्षी यमूताईंनी थळच्या कोळीवाड्यात मुलींची शाळा काढली. घरोघरी फिरून, बापांशी भांडून त्यांनी मुली गोळा केल्या. ठमीसाठी तर त्या अख्खी दुपार तिच्या बापाच्या, बुधाजीच्या ओट्यावर बसून राहिल्या होत्या.

ठमी हुशार, पण हट्टी. पाटीवर लिहिताना तिच्या उजव्या हातातल्या हिरव्या बांगड्या अक्षरांवर घासत आणि लिहिलेलं पुसून जाई.

"तेवढ्या काढून ठेव गं," ताई रोज सांगत.

"न्हाय. आये रागावंल."

होळीनंतर ठमी बरेच दिवस आली नाही. आली तेव्हा डाव्या हातात बांगड्या होत्या, उजवा मोकळा. ताईंचा चेहरा उजळला. त्यांनी तिला पुढं बोलावून पाटी दिली. ठमीनं आपलं नाव लिहिलं, त्यापुढं बापाचं. एकही अक्षर फिसकटलं नाही.

"बघा गं, सांगितलेलं ऐकलं की कसं सुरेख येतं," ताई म्हणाल्या. बाकीच्या मुली खाली बघत होत्या. "कुठं ठेवल्यास बांगड्या?"

"दर्यात सोडल्या."

"दर्यात? कशाला?"

"लगनात सोडत्यात, ताई. मंग दर्या नवऱ्याला सांभाळतो."

ठमीनं पाटीकडे बघितलं. मग तिनं जिभेला लावून बोट ओलं केलं.

"आता यातलं बाचं नाव पुसू?"