मानेला वारा लागता कामा नये

"टप उघडला की वारा कुठून येतो?" रादोयकाबाईंनी विचारलं.

नोवी साद शहरातल्या या शोरूममध्ये झार्को अकरा वर्षं उघड्या टपाच्या गाड्या विकत होता, पण हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नव्हता.

"सगळीकडून येतो, मावशी. म्हणून तर लोक ही गाडी घेतात."

"बघ वुले!" बाई मुलाकडे वळल्या. "वारा लागून मान धरते, कान जातो, धडधाकट माणूस आडवा होतो."

वुकाशिन, म्हणजे वुले, त्रेचाळीस वर्षांचा होता आणि अजून आईच्याच घरी राहत होता. त्या घरात दोन खिडक्या एकदम उघडलेल्या त्याने जन्मात पाहिल्या नव्हत्या. त्याची तियाना लग्नासाठी सहा वर्षं थांबली होती. आता तिने निक्षून सांगितलं होतं, "मे महिना उजाडेपर्यंत तुझी आई नसलेलं घर बघ. नाहीतर तू तुझ्या वाटेने, मी माझ्या."

आईला हे सांगायची त्याची काही छाती होत नव्हती. त्यापेक्षा लाल गाडी घ्यावी, तियानाला समुद्रावर न्यावं आणि तिथे तिची समजूत घालावी, असा त्याचा बेत. लाल गाडीचं चित्र वीस वर्षं फ्रिजवर चिकटलेलं होतं. आणि आज, गावाकडची आलुबुखाराची बाग विकून झाल्यावर, आईच कोट चढवत म्हणाली होती, "चल, ती चित्रातली गाडी घेऊ या."

"चार सीटची दाखवू की दोन?" झार्कोने विचारलं.

वुलेने श्वास रोखला. चार म्हटलं की मागे शाल पांघरून आई आलीच, थेट समुद्रापर्यंत.

"दोन," बाई म्हणाल्या. "तिसऱ्याचं काय काम?"

गुणाची गं माझी आई! वुलेला तिथल्या तिथे तिचा मुका घ्यावासा वाटला.

बाई थेट स्टिअरिंगमागे जाऊन बसल्या आणि आरसा स्वतःपुरता नीट करून घेतला.

"बावीस वर्षं शहर बस चालवलीय तिने," वुले झार्कोच्या कानात म्हणाला. "सवय जात नाही."

साध्या मॉडेलला मानेवर गरम हवा सोडणारी सीट नव्हती. ते बाद. मधल्याला ती होती, पण मागचा वारा अडवणारी जाळी नव्हती. तेही बाद.

"वरच्या मॉडेलात दोन्ही आहे, मावशी. शिवाय स्टिअरिंगही गरम होतं."

"घे लिहून."

"पण गिअर हाताचाच हं," वुले घाईने म्हणाला. "त्याशिवाय काय मजा?"

"ऑटोमॅटिक! डॉक्टर ब्लागोये म्हणतात, एक हात मोकळा हवा."

डॉक्टर ब्लागोये नाक-कान-घशाचे, केव्हाच निवृत्त झालेले. तरी बाई दर मंगळवारी त्यांना मान दाखवायला जात. हल्ली शुक्रवारीही जात. घरात डॉक्टरांच्या शब्दापुढे कुणाचं काही चालत नसे.

"शेजारची सीट पार मागे जाते का रे? पाय लांब करता आले पाहिजेत."

"अगं आई, तियाना एवढीशी तर आहे!"

"तू गप रे."

रंगावरून जुंपली. वुले लालवर अडून बसला.

"क्रीम," बाई म्हणाल्या. "समारंभाला शोभतो."

समारंभ! वुलेच्या कानांच्या पाळ्या तापल्या. म्हणजे म्हातारीने लग्नाचं मनावर घेतलं होतं तर. त्याने लालचा हट्ट सोडून दिला.

मे उजाडायला चार दिवस असताना गाडी आल्याचा फोन आला. वुले तियानाला घेऊन शोरूमवर धावला. आई सकाळपासूनच कुठेतरी गेली होती.

"घराचं काय केलंस?" तियानाने फाटकापाशीच विचारलं.

"आधी गाडी तर बघ गं!"

गाडी आतून उलटी येत होती. टप उघडा होता. अरुंद फाटकातून ती एका दमात रस्त्यावर आली आणि एका झटक्यात वळली. स्टिअरिंगवर आई होती, डोक्याला क्रीम रंगाचा रुमाल बांधलेली. शेजारी डॉक्टर ब्लागोये ऐसपैस पाय पसरून बसले होते. त्यांच्या कोटाला फूल होतं, आणि आईचा मोकळा हात त्यांच्या हातात होता. दोघांच्या बोटांत नव्याकोऱ्या अंगठ्या होत्या.

"अगं आई..." वुले गाडीकडे धावला.

बाईंनी गाडी थांबवली, पर्समधून घराच्या किल्ल्या काढल्या आणि तियानाच्या ओंजळीत टाकल्या.

"आम्ही समुद्राकडेच राहणार आता," त्या म्हणाल्या. गाडी कोपऱ्यावर पोचली, रुमाल वाऱ्यावर उडून गेला, तरी त्या मागे वळून ओरडल्याच, "वुले, घेवड्याचं सार पातेल्यात आहे! आणि खिडक्या लावून जेव रे, वारा लागेल!"