पेलाभर कूलंट

हार्लनच्या जुन्या पिकअप गाडीतले इंजिन थंड ठेवणारे कूलंट रोज पेलाभर कमी होत होते आणि जमिनीवर मात्र एक थेंबही सांडत नव्हता. शेजारच्या वेंडेलने रेडिएटरला दाबमापक लावून पाहिला. तासाभरात काटा तसूभरही हलला नाही.

"लेका, हे कोणीतरी पितंय!" वेंडेल हसला.

हार्लनला हसता आले नाही. कोंबड्यांमागे धावते म्हणून वेंडेलच्या कुत्रीला, टॅन्सीला, त्याने मार्चमध्ये हेच हिरवे, गोडसर विष वाडग्यातून पाजून मारले होते. ते कोणीही पाहिले नव्हते.

गळती सापडावी म्हणून वेंडेलने काल कूलंटमध्ये जांभळ्या दिव्याखाली हिरवा चमकणारा रंग मिसळला होता. आज भरदुपारी गॅरेजचे शटर ओढून अंधार केला आणि त्याने तो दिवा लावला. नळ्या, पंप, इंजिन, सारे कोरडे ठणठणीत होते.

"इथं तर काहीच नाही, बाबा," म्हणत तो वळला आणि झोत हार्लनच्या चेहऱ्यावर पडला. हार्लनचे ओठ हिरवेगार चमकत होते.

वेंडेलने दिवा तसाच धरून ठेवला.

"आमची टॅन्सी मेली तेव्हा तिच्या तोंडाला असंच हिरवं लागलं होतं," तो सावकाश म्हणाला.

हार्लनने घाबरून ओठ चाटले. ते गोड होते.