गळ्याची आण

"बाळाले डोक्याची कवटीच नाही व अंजू. असं लेकरू जगत नसते. पाडाच लागते," हिरीबाई म्हणाली आणि सुनेच्या पाठीवरून हात फिरवू लागली.

अंजूनं तो हात झटकला. वाशीमच्या बसस्टँडवर, चारचौघांत. शेजारी नवरा, रविकांत, सोनोग्राफीचा कागद घेऊन उभा होता. डॉक्टरनं अंजूलाही पडदा दाखवला होता. तिला दिसला नुसता राखाडी धुरळा. त्यात कवटी आहे की नाही, हे तिनं कसं ओळखावं?

दोन वर्षांमागं पहिल्या खेपेलाही असाच धुरळा होता. दवाखाना दुसरा, वाक्य हेच. "डोक्यात दोष आहे." तेव्हा अंजू मुकाट्यानं सासूच्या मागं गेली आणि पोट रिकामं करून आली. रडली, सावरली. मग एक दिवस केनवडच्या बाजारात नानीबाई भेटली. त्या दवाखान्यात झाडझूड करायची. तिनं अंजूला बाजूला घेतलं.

"पोरगी होती व बाई. डोकं चांगलं गोल होतं. म्या याच हातानं उचलली."

अंजूनं घरी येऊन आकांत केला. हिरीबाई जागची हलली नाही. "डोस्कं नव्हतं त्या लेकराले. रविकांतच्या गळ्याची आण," ती म्हणाली. एकुलत्या एका लेकाच्या गळ्याची आण कोणी खोटी घेतं का? पण नानीबाईला तरी खोटं बोलून काय मिळणार होतं? काटा मोडला तो आतच राहिला.

आणि आता पुन्हा तेच वाक्य. म्हणजे पुन्हा पोरगीच असणार. एकदा फसली ती फसली, ही पोर ती कोणाला देणार नव्हती. रविकांत चहा आणायला गेला, हिरीबाई नळावर गेली. अंजूनं ऑटो केला, रेल्वे स्टेशन गाठलं आणि जऊळक्याला मायकडं उतरली.

रविकांत दोनदा न्यायला आला. दुसऱ्यांदा तर अंजूच्या मायच्या, गंगूच्या, पाया पडला. "तुमी म्हणसान त्या डॉक्टरले दाखवू. पण दाखवा."

"त्या मशीनजवळ मी जात नाही," अंजू आतूनच बोलली. "मले कापून टाकलं तरी नाही."

पोट वाढत गेलं. बाळ लाथा मारायचं. बिनकवटीचं लेकरू अशा लाथा मारतं होय? गंगूनं लाल फडक्याचं टोपडं शिवून ठेवलं.

दिवस भरले. दवाखान्यात नर्सनं बाळ आणलं ते पार डोळ्यांपर्यंत गुंडाळून. टोपडं तिच्या दुसऱ्या हातात तसंच होतं.

"पोरगा आहे ताई. मन घट्ट करा," असं म्हणून तिनं कापड बाजूला केलं.

भुवयांच्या वर काही नव्हतं. कपाळ नाही, टाळू नाही. खाली नाक, ओठ, इवलीशी हनुवटी, सगळं जागच्या जागी. अंजूनं त्याला छातीशी धरलं. तासाभरात त्याचा श्वास थांबला.

संध्याकाळी हिरीबाई आली. अंजू मान वर करीना. लाजेनं ती मेल्याहून मेली होती. पण त्या लाजेच्या तळाशी थोडं हलकंही वाटत होतं. म्हणजे पहिलीही अशीच होती. नानीबाई खोटी. तिच्या पोरीला कोणी मारलं नव्हतं.

तिनं सासूचे पाय धरले. "आत्याबाई, मले माफ करा. तुमी खरं बोलल्या आन् म्या इश्वास नाही ठेवला."

हिरीबाईनं तिला उठवून पोटाशी धरलं. म्हातारी खरंच रडत होती.

"तुहा काय कसूर व पोरी," ती म्हणाली. "या खेपेले आमी खरं बोलून राह्यलो होतो, हे तुले कसं समजन?"