विजेचं विरजण

लेकीच्या बारशाला सासुरवाडीस आलेल्या श्रीरंगने हौसेने भांडी घासली. त्यात विजेचं मडकंही गेलं. मडक्यातल्या चिखलातले जीव गूळ खाऊन वीज सोडत. ती एका कांडीतून निघून तारेने फिरत दुसऱ्या कांडीला मिळे. जीवच धुतले गेले, आणि त्या विजेवर चालणारं सासूबाईंचं कानातलं यंत्र मुकं झालं. आता त्यांना पाळणा ऐकू कसा येणार?

श्रीरंग वाटी घेऊन शेजारच्या हौसामावशींकडे गेला. "मावशी, विजेचं मडकं घासून टाकलं. थोडं विरजण?"

"दिवेलागणीनंतर दिलं नसतं हं, जावईबापू." चमचाभर चिखल वाढत त्या हसल्या. "घासायची हौस उरली असेल, तर आमचा तवा आहे."

संध्याकाळी पाळणा सुरू होताच बाळाने भोकाड पसरलं. बायका थांबल्या.

"रडू दे गं तिला," सासूबाई कानाशी हात नेत म्हणाल्या, "छान ऐकू येतंय."