बॅले क्लासच्या दारात

यशूने नेमकं काचेच्या दाराशी येऊन भोकाड पसरलं.

लोकेशने कपाळावर हात मारला. भनपुरीतून निघाल्यापासून नवा रायपूर येईपर्यंत पोरगी गाडीत अखंड बडबडत होती. रस्त्यातल्या प्रत्येक ट्रकला टाटा करत होती. जिना चढतानाही स्वारी खुशीत. आणि दार दिसलं की सुरू! दर रविवारी हेच.

"काहून रडते वं? कोणी मारलं का तुले?" त्याने विचारलं.

"नहीं जाना अंदर!" यशूने सूर आणखी चढवला. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर यायचं ते हिंदीतच.

आतून बॅलेच्या मॅडम आल्या. क्लास फक्त लहान मुलींसाठी होता आणि पालकांनी बाहेर बसावं, अशी पाटीच दाराशी होती. रडणाऱ्या मुलीच्या आईला तेवढी सूट होती. मुलगी रमेपर्यंत तिने मागच्या रांगेत उभं राहायचं आणि मुलीला धीर यावा म्हणून सगळ्यांबरोबर हातपाय हलवायचे. बाकीच्या मुली एक-दोन रविवारांतच रमल्या आणि त्यांच्या आया बाहेर येऊन मोबाइल बघत बसल्या. एकटी यशूच रमायचं नाव घेत नव्हती.

"आइए माया जी," मॅडम आता सवयीनेच म्हणाल्या. मायाने ओढणी कमरेला खोचली, लेकीचं बोट धरलं आणि आत गेली.

लोकेश बाहेरच्या खुर्चीवर आदळला. आठवडाभर रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये घाम गाळायचा आणि सुट्टीच्या दिवशी हे. इथले रस्ते एवढे रुंद, पण चहाची टपरी औषधालाही नाही. बसचा भरवसा नाही म्हणून ड्रायव्हर तोच. आणि हे बॅलेचं खूळ सगळं मायाचं. टीव्हीवर कुठेतरी पाहिलं आणि डोक्यात घेतलं. घरी पोळ्या लाटतानासुद्धा टाचा वर. भाजी ढवळताना एक पाय मागे. विचारलं तर म्हणायची, "यशूले घरी दाखवा लागते ना!" शिकणारी गळा काढते आणि दाखवणारीचा उत्साह घरात मावत नाही. आपली हौस लेकराच्या माथी मारायची म्हणजे काय? लोकेशच्या डोक्यात तिडीक गेली.

आज सोक्षमोक्ष लावायचाच, असं ठरवून तो उठला आणि काचेतून आत पाहू लागला. मुली भिंतीलगतच्या दांड्याला धरून उभ्या होत्या. सगळ्यांत मागे माया. टाचा उचललेल्या, मान ताठ, एक हात डोक्यावर. शेजारी यशू. रडत नव्हती, पण नाचतही नव्हती. आरशात आईकडे टक लावून बघत होती. झालं! म्हणजे शिकण्याच्या नावानेही बोंबच.

क्लास सुटल्यावर त्याने दोघींना जिन्याखाली गाठलं.

"बस झालं आता. पोट्टीले रडवून काय भेटून राहिलं तुले?"

 मायाने कमरेची ओढणी सोडून ती नीट खांद्यावर घेतली. मग म्हणाली, "बरोबर आहे तुमचं. मलेच समजून नाही राहिलं. बंद करू. मॅडमले सांगून येते."

ती पुन्हा जिना चढून गेली. लोकेशला वाटलं होतं, ही कडाकडा भांडेल. ती भांडली नाही याचा त्याला उलट जास्तच राग आला. काय बोलायचं याची सगळी तयारी वाया गेली होती.

मग तो यशूसमोर उकिडवा बसला आणि आवाज मऊ करून म्हणाला, "यशू, आता इथं यायचंच नाही आपल्याले. मम्मी मॅडमले सांगाले गेली. आता रडू नको हं."

यशू त्याच्याकडे बघत राहिली. तिचा खालचा ओठ थरथरला. या वेळी भोकाड नव्हतं, आवाजही नव्हता. नुसतं डोळ्यांतून घळाघळा पाणी. इतक्या रविवारांच्या रडारडीत तिच्या डोळ्यांतलं पाणी तो आज पहिल्यांदाच बघत होता.

"अवं, आता काहून रडून राहिली? बंदच केला ना क्लास!" लोकेश पार मेटाकुटीला आला.

यशूने बाहीने नाक पुसलं. आई ऐकत नाही ना, हे जिन्याकडे बघून पक्कं केलं आणि बापाच्या कानाशी येऊन कुजबुजली,

"पापा, मैं नहीं रोऊँगी तो मम्मी को अंदर कौन नाचने देगा?"